निळ्या अंगठ्याचा माणूस

मी एका बाईंच्या कादंबरीतून एक माणूस काढून टाकला. अख्खा माणूस. तीन ठिकाणी मिळून साडेचार पानं होती त्याची. काढला, कारण मला वाटलं की तो मीच आहे.

यावरून मी कोणी संपादक-बिंपादक असेन असं समजू नका. मी दस्तलेखक. पुसदच्या कोर्टासमोर कडुनिंबाखाली एक टेबल आणि एक खुर्ची, खुर्चीचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली जुन्या मतदार यादीची घडी. जुने लोक आम्हाला अर्जनवीस म्हणत. खेड्यातून आलेली माणसं काम होईस्तोवर 'वकीलसाहेब' म्हणतात, काम झालं की 'ओ भाऊ, उरलेले सुटे द्या'. तीस-बत्तीस वर्षं तिथं बसलो, आधी टाइपरायटर घेऊन, मग लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन. मागच्या वर्षी टेबल उचललं.

धंदा काय, तर लोकांचं म्हणणं सरकारला समजेल अशा भाषेत लिहायचं. माणूस सांगतो, "माह्या भावानं मले बांधावर ढकललं." मी लिहितो, 'सदर इसमाने अर्जदारास विनाकारण धक्काबुक्की केली.' दोन्हीचा अर्थ एकच, पण दुसऱ्याला शिक्का मिळतो. एकदा सकाळी दहाला थोरला भाऊ येऊन धाकट्याविरुद्ध अर्ज लिहून घेऊन गेला. साडेअकराला धाकटा आला थोरल्याविरुद्ध. दोन्ही मीच लिहिले, आणि दोन्हीत 'अर्जदार हा गरीब, शांत व प्रामाणिक इसम आहे' हे वाक्य होतं. कॉम्प्युटर आल्यावर तर माझी कमालच झाली. एका सत्तर वर्षांच्या आजोबांचा निराधार पेन्शनचा अर्ज मी आदल्या दिवशीच्या अर्जावर चढवला आणि खालचा एक परिच्छेद बदलायचा विसरलो. आजोबांनी सरकारकडं प्रसूतीसाठी मदत मागितली. साहेब म्हणे दोन वेळा अर्जाकडं आणि तीन वेळा आजोबांकडं बघत होते.

या धंद्यातली खरी गोष्ट मात्र लिहिण्याची नाही, वाचण्याची आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवायचा, मग अंगठा घ्यायचा. खाली एक ओळ असते: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला, व तो खरा आहे.' ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल देव जाणे. सगळा दस्त या एका ओळीवर उभा असतो, आणि ही ओळ वाचणाऱ्याच्या तोंडावर.

दुसरी गोष्ट संशयाची. माझ्यासमोर बसून आजवर कोणी पूर्ण खरं बोललेलं नाही. वहिवाटीच्या वादात बांध अर्धा हात इकडं सरकवून सांगणार, वय दोन वर्षं पुढंमागं करणार, बायको नांदत नाही म्हणणार आणि बायको मागं उभी असणार. इतकी वर्षं हे ऐकून माझी नजरच तिरकी झाली. घरी बायकोनं 'भाजीत मीठ बरोबर आहे ना?' विचारलं तरी मी मनात म्हणतो, हिला नेमकं काय काढून घ्यायचंय?

अशा माणसासमोर बाई येऊन बसल्या.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय: "गावंडे, माझं नाव छापलंत तर तुमच्यावर केस करीन, आणि अर्ज तुमच्याकडूनच लिहून घेईन." जिल्हा परिषदेच्या शाळांवर बत्तीस वर्षं मास्तरकी करून पुसदला राहिलेल्या. एकट्या. गावात त्यांची ओळख म्हणजे 'त्या तिरसट बाई'. पुण्या-मुंबईकडं मात्र त्यांच्या कादंबऱ्यांवर परिसंवाद होतात म्हणे. यवतमाळच्या एका कॉलेजात एकदा झाला होता, आणि तिथले लोक त्यांना न्यायला पुसदला आले तर पत्ता सांगायला अख्ख्या गल्लीत कोणी नव्हतं. एका कादंबरीत एक बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुरीच्या शेंगा सोलते. बस. शेंगा संपतात, पुस्तक संपतं. मधे तिच्या डोक्यातून सगळा तालुका जाऊन येतो. पूर्णविराम शोधायला गेलात तर संध्याकाळ होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच: ऑटोतून एक जाड काळ्या चष्म्याची बाई उतरली, ऑटोवाल्याच्या खांद्याला धरून माझ्या टेबलापर्यंत आली आणि तिनं विचारलं,

"तुम्ही कागद वाचून दाखवता ना?"

ऑटोवाला म्हणजे सलीमभाई. आधी मेकॅनिक होता, कंबर गेली म्हणून ऑटो घेतला. तोच म्हणाला, "भाऊ, म्याडमले काचबिंदू आहे. लिहिता येते, वाचता नाही येत. त्याईचं पुस्तक टाईप करून द्याचं, अन् वाचून दाखवाचं. डीटीपीवाले म्हणतात, हे अक्षर आमच्यानं लागत नाही."

अक्षर खरंच भयंकर होतं. ओळ सरळ यावी म्हणून खाली पट्टी धरून लिहायच्या, त्यामुळं प्रत्येक अक्षराचा पाय कापलेला. पण मी तलाठ्यांची अक्षरं वाचून म्हातारा झालेला माणूस. आणि कागद कसले, तर पोरांच्या वह्यांतली कोरी राहिलेली पानं. शाळेत असताना वर्षअखेरीस मुलं जुन्या वह्या टाकून देत. बाई त्यातली कोरी पानं काढून, शिवून ठेवत. आयुष्यभराचा लिहिण्याचा कागद त्यांनी असाच जमवला. मऊ पडलेला, पिवळा, जुन्या धोतरासारखा कागद.

मी संशय घेतला. कोणी घेतला नसता? एक बाई, अर्ज नाही, दस्त नाही, मागणी नाही, सही कुठं करायची ते नाही, आणि जाडजूड मजकूर, तोही कोणाविरुद्ध हे कळत नाही! मी पहिली वीस पानं 'गैरअर्जदार' शोधत वाचली. सापडला नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पुस्तक लिहिणारे लोक सगळ्यांचं ऐकत राह्यतात, अन् मंग छापतात. तुम्ही तिच्यासमोर जास्त तोंड उघडू नका." हे ऐकून तर माझं डोकं आणखीच तिरपं चाललं.

व्यवस्था अशी ठरली. मी दहा-बारा पानं टाइप करायची, दुपारी कोर्टाची गर्दी ओसरली की बाई यायच्या, मी छापील कागद वाचून दाखवायचा, त्या सांगतील ती दुरुस्ती करायची. सलीमभाई ऑटो सावलीत लावून तिथंच स्टुलावर बसायचा. सवारी आली तरी जायचा नाही. म्हणायचा, "पुढं त्या बाईचं काय होते ते पाह्यचं आहे ना." मी म्हटलं, अरे, काही होतच नाही त्यात. तो म्हणाला, "होऊन राह्यलं ना भाऊ. आतमंदी होऊन राह्यलं."

मला सुरुवातीला वाटलं, बाईंच्या लिहिण्यात चुका आहेत. मी माझ्या परीनं त्या सुधारल्या. जिथं वाक्य दीड पान चालत होतं तिथं 'सबब' घालून तोडलं, 'ती' कोण हे कळत नव्हतं तिथं 'सदर स्त्री' केलं. पहिल्या दिवशी मी ते वाचून दाखवलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "गावंडे, माझी बाई विहिरीवर पाणी भरत होती. तुम्ही तिला तहसीलीत नेऊन उभी केलीत. परत आणा." मी परत आणली. तेव्हापासून अक्षरास अक्षर टाइप करायचं ठरलं. दोन महिने मी ते पाळलंही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची गोडी लागली होती. दुपारी तीन वाजले की मी बाईंच्या ऑटोची वाट बघायचो. दीड पानाचं वाक्य वाचायला दम कुठं धरायचा, हेही हळूहळू जमायला लागलं होतं.

आणि मग वहीत तो माणूस आला.

झाडाखाली बसलेला एक माणूस. त्याचा डावा अंगठा शाईच्या पॅडमुळं निळा. त्याच्यासमोर एक बाई, तिचे चुलतसासरे की दीर असे काही पुरुष बाजूला. हा माणूस कागद वाचून दाखवतो. बाई ऐकते. आणि कागदावर जे आहे, ते तो वाचत नाही. वेगळंच वाचतो. बाई अंगठा देते.

माझे हात की-बोर्डवर थांबले. कारण हे मी केलं होतं.

वीसेक वर्षं झाली असतील. महागावकडचे दोन भाऊ बहिणीला घेऊन आले होते. वत्सलाबाई तिचं नाव. वडील वारलेले, शेतात तिघांचा हिस्सा, बहिणीचं हक्कसोडपत्र करायचं. भावांपैकी मोठ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "थोडं नरम वाचा, भाऊ. बाई भोळी आहे, घाबरते." मी नरम वाचलं. कागदावर होतं, 'माझा हिस्सा मी कायमचा सोडून देत आहे.' मी वाचलं, 'भावांच्या नावानं नोंद व्हायला माझी ना नाही.' मनाची समजूत घातली की आपण कायद्याची भाषा सोपी करून सांगितली. बाईनं अंगठा दिला. पुढं रजिस्ट्रीत 'कबूल आहे का?' विचारल्यावर ती 'हो' म्हणाली. मी खाली तीच ओळ लिहिली होती: मजकूर वाचून दाखविला, समजला, खरा आहे. कार्बन कॉपी अजून माझ्या ट्रंकेत आहे. कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मग या बाईंना कळलं कसं?

आता माझ्या डोक्यातलं कोर्ट सुरू झालं. पुरावा एक: झाड. माझंही झाड. पुरावा दोन: निळा अंगठा. मी माझा अंगठा पाहिला. निळा. पुरावा तीन: तो माणूस वाचण्याआधी खाकरतो. मी खाकरून पाहिलं. हुबेहूब! बाई या कामासाठी आपल्याकडंच का आल्या, हा प्रश्न मला इतके दिवस पडला नव्हता, तो आता पडला. पहिल्याच दिवशी त्यांनी 'वाचून दाखवता ना?' विचारलं होतं, त्याचा अर्थ आता लागला. वत्सलाबाई यांच्या शाळेतली असेल. किंवा भावकीतली. सलीम खबऱ्या असेल. तो काही उगाच सवाऱ्या सोडून बसत नाही. कादंबरी छापली जाणार, कोणी वकील ती वाचणार, मग नोटीस येणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, तर मी म्हटलं, पित्त.

तिसऱ्या दिवशी मी तो माणूस उडवला. कॉम्प्युटरवर माणूस उडवणं फार सोपं असतं. दस्तात एक शब्द खोडला तरी बाजूला लघुस्वाक्षरी करावी लागते. इथं साडेचार पानं गेली आणि कोणाची सही नाही. मागचं वाक्य पुढच्याला जोडलं. बाईंच्या लिहिण्यात तसंही कुठलं वाक्य कुठून येतं कळत नाही, तेव्हा सांधा कोणाला दिसणार?

प्रश्न होता वाचून दाखवण्याचा. बाईंना आपलं लिहिलेलं तोंडपाठ. गाळून वाचलं तर त्या लगेच धरणार. म्हणून मी युक्ती केली. छापील कागद वाचत वाचत त्या जागेशी आलो की खाली ठेवलेली त्यांची वही हळूच वर घ्यायची, त्यातून तो माणूस जसाच्या तसा वाचायचा, मग परत छापील कागद. बाईंच्या कानात माणूस असणार, कागदावर नसणार. म्हणजे कागदावर जे आहे ते मी वाचलं नाही, वेगळंच वाचलं. समोर न वाचू शकणारी बाई. मी हे दुसऱ्यांदा करतोय, हे माझ्या टाळक्यात त्या वेळी आलं नाही, यावर माझी बायको आजही विश्वास ठेवत नाही.

तिन्ही ठिकाणं तीन दुपारी पार पडली. बाई 'बरं' म्हणाल्या, ऑटोत बसल्या, गेल्या. मला वाटलं, सुटलो.

चौथ्या दुपारी त्या आल्या आणि बसल्याबरोबर म्हणाल्या, "कालचा भाग पुन्हा वाचा. आणि माझ्या वह्या आधी माझ्याकडं द्या."

"वह्या कशाला, बाई? छापील कागद आहे ना."

"म्हणूनच."

मी वह्या दिल्या. त्यांनी मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले. सलीमभाई स्टूल घेऊन जवळ सरकला. मी वाचायला लागलो. सांध्याची जागा जवळ येत होती तसं माझं वाचणं सावकाश होत गेलं. जागा आली. कागदावर माणूस नाही, वही बाईंच्या मांडीवर. आता थांबायचं कसं? मी आठवून, रचून वाचायला सुरुवात केली:

"झाडाखाली… झाडाखाली एक इसम बसलेला होता. सदर इसमाचा अंगठा निळा असून… त्याचे समोर एक स्त्री हजर होती. सदर इसमाने तिला मजकूर… वाचून दाखविला व तो… तो तिला…"

"थांबा," बाई म्हणाल्या. "'सदर' हा शब्द मी आयुष्यात लिहिलेला नाही."

सलीमभाई हसू दाबायला तोंड फिरवून ऑटोकडं बघायला लागला.

"तुम्हाला दिसत नाही, मग कळलं कसं?" मी विचारलं. चोर पकडल्यावर पोलिसाला पद्धत विचारतो तसा.

"तुमचा छापील कागद करकरीत वाजतो. माझा वाजत नाही. तीन दुपारी मधेच आवाज बंद व्हायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा करकर. पहिल्या दिवशी वाटलं, वारा असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझे कानही गेले. तिसऱ्या दिवशी मी करकरणारी पानं कानानं मोजली, कमी भरली." मग त्या म्हणाल्या, "काय काढलंत?"

मी सांगितलं. मग का काढलं तेही सांगितलं. वत्सलाबाईचं सगळं. सलीमभाईसमोर. सांगताना माझा आवाज अर्ज वाचल्यासारखा येत होता, कारण मला दुसरा आवाज येत नाही.

मला वाटलं, आता या नोटिशीचं बोलणार. त्या म्हणाल्या,

"गावंडे, तो माणूस मी आहे."

मला कळलं नाही.

"मी पंधरा वर्षांची होते. वडील गेले. घरात वाचता येणारी मी एकटी. काकांनी शेताचा कागद आणला आणि म्हणाले, आईला वाचून दाखव, पण असं असं वाच. मी तसं वाचलं. आईनं माझ्या तोंडाकडं बघत अंगठा दिला. तिला वाटलं, पोरगी शिकली, आता आपल्याला कोणी फसवणार नाही. त्याच्या बदल्यात काकांनी मला यवतमाळला शिकायला ठेवलं. मी मास्तरीण झाले, पुस्तकं लिहिली, ते सगळं त्या दुपारच्या जोरावर." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "आठ पुस्तकं मी त्या दुपारच्या भोवती फिरत लिहिली. दरवेळी दुसरंच काहीतरी लिहून यायचे. आता डोळे चालले, तेव्हा धीर झाला. तरी 'मी' म्हणून लिहिता आलं नाही. पुरुष केला, झाडाखाली बसवला. बाकी सगळी कादंबरी म्हणजे या साडेचार पानांपर्यंत जाणारी वाट आहे. आणि तुम्ही नेमकी तीच काढलीत."

माणसाचा स्वभाव बघा. एवढं ऐकूनही माझ्या तोंडून निघालं, "पण अंगठा निळा, झाड, खाकरणं…"

सलीमभाई म्हणाला, "काहून भाऊ, कोर्टासमोर बसणाऱ्या सगळ्याईचे अंगठे निळेच राह्यतात. झाडही तेच. अन् तुम्ही एकटेच खाकरता का या पुसदात?"

"ती वही तुमच्याकडं येण्याच्या आधी दोन वर्षं लिहून झाली होती," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही या जगात आहात हे मला माहीतही नव्हतं."

माणसाची चोरी पकडली गेल्याचं दुःख वेगळं, आणि ती चोरी आपली नव्हतीच हे कळण्याचं वेगळं. दुसरं जास्त लागतं, हे मी अनुभवानं सांगतो.

मी त्याच दिवशी माणूस परत बसवायला घेतला. अक्षरास अक्षर. या वेळी सलीमभाईनं वही हातात धरली, बोट ठेवून जुळवत गेला. तो मराठी सावकाश वाचतो, त्यामुळं एकही कानामात्रा सुटली नाही. चार दुपारी लागल्या. बाईंनी प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला हात लावून खात्री केली आणि तिथं आपली लघुस्वाक्षरी केली, तिरकी, अंदाजानं. दोन ठिकाणी मला परत वाचायला लावलं. माझ्यावर त्यांचा विश्वास उडाला होता तो पुढंही बसला नाही. पुस्तक छापून आल्यावर त्यांनी ते पुन्हा सलीमभाईकडून वाचून घेतलं, माझ्याकडून नाही.

हस्तलिखित पुण्याला रवाना झालं त्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "माझंही तेवढं पोटातून बाहेर पडलं, बरं झालं."

त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी तुमची वत्सलाबाई नाही. माझी आई मी काही सांगायच्या आत गेली. तुमची बाई आहे ना अजून?"

आहे की नाही हे शोधायला मला दोन महिने लागले. खरं म्हणजे दोन दिवसांत सापडली असती. महागावच्या बाजारात तिचा धाकटा भाऊ दर आठवड्याला येतो हे मला माहीत होतं. बाकीचे दिवस माझ्या संशयानं खाल्ले. ही केस करेल. हिचा मुलगा मारायला धावेल. भाऊ म्हणतील, मेलेलं प्रकरण काहून उकरून राह्यले? शेवटी ट्रंकेतून कार्बन कॉपी काढली, एसटीनं महागावला गेलो आणि फाट्यावरून आत दोन मैल चाललो.

वत्सलाबाई अंगणात सोयाबीन पाखडत होत्या. सत्तरीच्या. मी ओळख दिली. त्यांना आठवलं. सूप थांबलं नाही. मी म्हटलं, "बाई, तुमचा एक कागद आहे. त्या वेळी मी तो बरोबर वाचला नव्हता. आज बरोबर वाचून दाखवतो."

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचला. शब्द न् शब्द. 'कायमचा' हा शब्द दोनदा वाचला. खालची शेवटची ओळ, मजकूर वाचून दाखविला, समजला, खरा आहे, तीही वाचली. मग कागद घडी करून त्यांच्यापुढं ठेवला, आणि मी बत्तीस वर्षांच्या धंद्यात कधी केलं नव्हतं ते केलं. माफी मागितली. म्हटलं, माझ्या वाचण्यामुळं तुमचं वावर गेलं.

सूप थांबलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मी मनात तयार होतो. शिव्या देतील, रडतील, नाहीतर मोठ्या मनानं माफ करतील. तिन्हीची उत्तरं मी एसटीत बसूनच जुळवून ठेवली होती.

"तुह्या वाचण्यानं?" वत्सलाबाई म्हणाल्या. "तू वाचून राह्यलता तवा तुह्ये डोये कागदावरून सरकतच नव्हते, तवाच मले समजलं. मले वाचता येत नाही, पाह्यता येते. भाऊ समोर बसले होते. माहेर तुटू नये म्हून त्याईच्या तोंडाकडं पाहून देल्ला म्या अंगठा." मग त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "तुह्यं वाचणं आयकत कोन होतं रे बाबा?"